मुनशीजी आणि दहावी वस्तू

गफूर मुनशींना कोणतीही आनंदाची बातमी सांगा, त्यांचा प्रश्न एकच असे. "थे ठीक. तुनं काय केलं?" आमच्या शेजारच्या किसनभाऊंच्या बैलांनी शंकरपट जिंकला तेव्हा अर्धी चामोर्शी त्यांना हार घालायला जमली होती. मुनशीजी गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि म्हणाले, "बैल पळले, थे ठीक. तुनं काय केलं?" किसनभाऊ पुढे पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मुनशीजी तहसिलीसमोर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. तांबडी पेन्सिल कायम कानावर. लग्नपत्रिका हाती आली तरी त्यातलं 'आमचे परमभाग्य' खोडून परत देत. म्हणत, "साहेबाले टेम नाई." लग्नपत्रिका कोणत्या साहेबाकडे जायची होती, देव जाणे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी नागपुरात बी. ए. झाले होते आणि मानसशास्त्रात एम. ए. करायचं डोक्यात होतं. अर्जासोबत आजवर केलेल्या संशोधनाबद्दल एक पान लिहून द्यायचं होतं. जागा मोजक्या. प्रवेश मिळाला तर शिकशील, नाहीतर नागभीडचं स्थळ, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. मी रात्रंदिवस खपून मसुदा लिहिला. इंग्रजी करण्याआधी बाबांनी तो मुनशीजींना दाखवायला लावला.

पहिलंच वाक्य होतं, 'मानवी मनाच्या अथांग डोहाचे मला बालपणापासून आकर्षण आहे.'

"कोणता डोह? वैनगंगेचा?" असं विचारून त्यांनी ते खोडलं. मग 'आमच्या प्राध्यापकांनी स्मरणशक्तीवर मौलिक संशोधन केले' हेही खोडलं. "हे तुह्या सरनं केलं. तुनं काय केलं?"

मी चिडून म्हणाले, "मी ताट धरलं!"

"मंग थेच लिव ना."

आणि खरंच, मी तेवढंच केलं होतं. सुटीत आठवडी बाजारात बसून ताटात दहा वस्तू मांडायच्या. कंगवा, कुलूप, दौत, भोवरा, कुंकवाचा करंडा, अडकित्ता, असल्याच घरातल्या. माणसाने त्या बघायच्या, मी फडकं टाकायचं आणि आठवून तोंडाने सांगेल तेवढ्या लिहून घ्यायच्या. त्यातून मी एक निष्कर्षही काढला होता, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. विधवा स्त्रियांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा कमी असते.

इथे पेन्सिल थांबली. "कोणती चीज इसरत होत्या?"

मी कागद काढले. दोघांनी मिळून पाहिले. जवळजवळ प्रत्येकीचा करंडाच राहिला होता.

"इसरल्या नाई, बेटी. नाव घेतलं नाई."

मी याच गावची. भर बाजारात, चार लोकांसमोर, विधवा बाई कुंकवाच्या करंड्याचं नाव कशी घेईल, हे मला कळायला नको होतं? पण ते कबूल केलं तर अर्जात उरत काय होतं? डोळ्यांसमोर नागभीड दिसायला लागलं. मी फणकारले, "मानसशास्त्र तुम्ही शिकलात की मी?"

"ताट आण," ते शांतपणे म्हणाले.

मी घरून दहाही वस्तूंसकट आणलं. त्यांनी बघितलं, मी झाकलं. मुनशीजींनी एका दमात नऊ वस्तू सांगितल्या, तेही मांडलेल्या क्रमाने. अडकित्ता राहिला होता. त्यांची बीवी, आमची चाची, ओट्यावर बसून सुपारी कातरायची आणि जाता-येता माझ्या हातावर एक खांड ठेवायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"लिव," ते म्हणाले, "मुनशी इसरला."

मला लिहिता येईना. रडूच आलं, आणि माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

मग मी सरळ लिहिलं. ताट मी धरलं, उत्तरं मी लिहिली, आणि नाव न घेण्याला विसरणं समजले ती चूकही माझीच. पुढे शिकायचंय ते एवढ्यासाठी. त्या पानावर मुनशीजींनी काहीच खोडलं नाही. नागपूरला मुलाखतीत माझ्या चुकीबद्दलच सगळे प्रश्न विचारले गेले, आणि प्रवेश मिळाला.

जायच्या दिवशी मी नागपूरच्या मोटारीत बसले होते. बाबा खाली उभे राहून सूचनांवर सूचना देत होते. तेवढ्यात मुनशीजी लगबगीने आले. मला वाटलं, आता विचारतात, गाडी चालली, थे ठीक, तुनं काय केलं? पण त्यांनी नुसता खिडकीचा गज धरला.

"थ्या ताटात अडकित्ता होता," ते म्हणाले. "तिचा बी तसाच होता. पितळेचा."

आणि मोटार सुटायच्या आधीच वळून तहसिलीकडे चालू लागले.