फुकटचा बर्फ

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यातल्या गल्लीत हिवराजभाऊ रोज सकाळी दोन थर्मामीटर वाचतात. एकाच्या गोळ्यावर ओली चिंधी गुंडाळलेली असते. तिच्याकडे वाकून बघतात आणि मोठ्यानं जाहीर करतात, "आज कुडवा अकरा डिग्रीनं हुकला!"

म्हणजे हवा आणखी अकरा अंशांनी थंड असती, तर इथं मशीननं बर्फ पाडता आला असता. मी वजाबाकी तपासली आहे. ओल्या चिंधीचा पारा नऊ, मशीनला लागतो उणे दोन. बरोबर आहे.

भाऊंनी तीस वर्षं गोंदियाच्या एका बर्फ कारखान्यात सिल्ल्या, म्हणजे बर्फाच्या लाद्या, काढल्या. नवेगाव बांधची मासळी त्याच बर्फात जायची. त्यांची एकुलती एक मुलगी कविता रेफ्रिजरेशनचं शिकली आणि हिमाचलात स्कीच्या उतारावर नोकरीला लागली. आभाळातून बर्फ पडला नाही, की ती मशीननं भुकटीसारखा फवारते. समोरच्या दुकानातल्या गीताबाई म्हणतात, "बाप सिल्लीवाला, पोरगी पावडरवाली!" भाऊंना हे कौतुकच वाटतं.

मी एकदा सहज म्हणालो, "तरी खरा बर्फ तो खराच."

"काऊन? मशीनचा काय खोटा आहे?" भाऊ उसळले. "तीस वर्षं हात बधिर झाले, ते बी खोटे का, साहेब? वरून पडते तो फुकटचा बर्फ. मशीनचा घामाचा!"

भाऊंच्या मूळ गावी, गोरेगावजवळ, जानेवारीत शंकरपट भरतो. बैलजोड्या धावतात आणि घराघरांत लेकी माहेरी येतात. कविता दोन वर्षं आलेली नाही. बर्फ पडला नाही, मशीन थांबली नाही, सुट्टी मिळाली नाही. वहिनी गेल्यापासून घरात भाऊ एकटेच. यंदाही हिमाचलात आभाळ कोरडं होतं.

"पोरीबिगर डोंगर चालत नाही," भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगून झालं, की मोबाइलवर हिमाचलचे ढग बघत बसायचे.

शंकरपटाला तीन दिवस राहिले असताना मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो. फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवलेला.

"बाबा, पहाटेपासून खरा बर्फ पडून राहिला! मशीन बंद. सात दिवस सुट्टी दिली. येऊ का?"

"खरा नोको म्हणू. फुकटचा म्हण," भाऊ म्हणाले. मग विचारलं, "किती पडला?"

"चौदा इंच."

"बरं. स्वेटर घालून निघ."

फोन ठेवून ते बोटांवर दिवस मोजू लागले. कधी नव्हे तो आवाज खाली आला.

"जायले-यायले चार दिवस. घरी तीन. मधात वितळला तर पोरीले वापस बोलावतीन. साहेब, चौदा इंच सात दिवस टिकते का?"

बर्फ मी फक्त मासळीखाली पाहिलेला. तिथलं ऊन किती, वारा किती, मला काहीच माहीत नव्हतं.

"टिकते," मी म्हणालो. "आरामात टिकते."