नाना आणि कशाशीच न जुळणारा सुळका

आमच्या रोह्याच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी आमच्या जुन्या सहाय्यकाला, नानांना, हात हुंगू द्यावे लागतात. "बाय, हात दाखव," म्हणत ते नाक पुढे करतात. खोबरेल, मलम, तंबाखू, कसलाही वास आला की रवानगी थेट नळावर. साहेबांनासुद्धा त्यांनी एकदा पिटाळलंय.

याला कारण आमचं मशीन. अडुळसा, गुळवेल असल्या वनस्पतींचे अर्क आमच्याकडे तपासायला येतात. मशीनची नळी त्यातली द्रव्यं एकेक करून वेगळी करते, पुढे प्रत्येकाचं वस्तुमान मोजलं जातं आणि पडद्यावर सुळके उमटतात. बोटाचं काही अर्कात गेलं तर त्याचाही सुळका हजर. "मशीन खोटं बोलत नाय, माणूस बोलतो," हे नानांचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नात त्यांनी भटजींचेही हात हुंगले. सासरी अजून तो विषय निघतो.

नाना पेणला रामवाडीत एकटेच राहतात. त्यांच्या बायको, आमच्या काकी, वारल्या. त्या माहेरच्या जवळच्या गडब गावच्या. दरवर्षी पाला सुकवून, हाताने कुटून खोकल्याच्या काढ्याची पूड करायच्या. कृती कुणालाच सांगितली नाही. शेवटची मूठभर पूड डब्यात उरली होती आणि नानांना अगदी तस्साच काढा पुन्हा करायचा होता. साहेबांना विचारून ते सुट्टीच्या दिवशी चिमूट चिमूट पूड मशीनला लावू लागले. अडुळसा सापडला, तुळस, ज्येष्ठमध, पिंपळी सापडली. एक सुळका मात्र कशाशीच जुळेना. डब्याचा तळ दिसू लागला तसे नाना चिडचिडे झाले.

ते औषधी पाल्यातच शोधत होते. मी सहज तंबाखूतलं निकोटिन लावून पाहिलं. तंतोतंत जुळलं!

"हात कोनाचा लागला?" नाना गरजले. सगळ्यांचे हात हुंगले, स्वतःचेही. मग हातमोजे घालून त्यांनी स्वतः ताजी चिमूट लावली. सुळका जागच्या जागी.

"मिशेरी," ते म्हणाले.

काकी रोज सकाळी भाजलेली तंबाखू बोटाने दातांना चोळायच्या. नानांनी भांडभांडून ती सोडवली होती. "अवो, सोडली म्हंजे सोडली," अशी काकींनी देवापुढे शपथ घेतलेली. नाना ते अभिमानाने गावभर सांगायचे.

"फसवलंस गो मला!" नाना पडद्याकडे बघून म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र रडूच आलं.

संध्याकाळी एसटी स्टँडवर त्यांनी मिशेरीची पुडी घेतली. मी घाबरले. "नाना, काढ्यात घालणार?"

"येडी हायस काय? बोटाला चोळीन नि मंग कुटीन."

सोमवारी दारात मीच म्हटलं, "नाना, हात दाखवा."

त्यांनी लहान मुलासारखे हात पुढे केले. मिशेरीचा वास भपकन आला. मी त्यांना नळावर पाठवलं नाही.

"आज मशीन मी लावते," म्हटलं. "तुम्ही बसा."