श्रीपादरावांचा प्लॉट आणि माझं भाकीत

त्या रविवारी घरातून निघतानाच मी ठरवलं होतं, की श्रीपादरावांचा प्लॉट बघून 'छान आहे' म्हणायचं नाही. मातीबद्दल बोलेन, वाऱ्याबद्दल बोलेन, पण 'छान' हा शब्द तोंडातून काढणार नाही.

श्रीपादराव म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोच्या, इंदुमतीच्या, धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत ड्रॉइंग मास्तर. मी कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात सीनियर क्लार्क. (सीनियर हा शब्द माझा मीच लावला आहे, पण अजून कोणी काढायला सांगितलेला नाही.) म्हणजे दोघांत वरचढ मीच. आता वरचढ माणूस जुन्या इंदुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि ड्रॉइंग मास्तर शहराबाहेर भंवरकुआंच्या बाजूला कोपऱ्याचा प्लॉट घेतो, हे कुठल्या न्यायात बसतं, तुम्हीच सांगा.

त्यातून बोच निराळीच होती. तोच प्लॉट गेंदालाल दलालाने आधी मला दाखवला होता. मी त्याला म्हटलं होतं, "इथे कोल्हे राहतील, माणसं नाही." गेंदालाल सायकल वळवून थेट श्रीपादरावांकडे गेला.

नवं राज्य होऊन राजधानी भोपाळला गेली, त्याच्या पुढल्या वर्षाची ही गोष्ट. सरकारी दफ्तरं तिकडे गेल्यावर इंदुरातल्या जमिनीला खरं तर कोणी विचारायला नको होतं. पण लोकांना काय झालं होतं कोण जाणे, जो तो प्लॉट घेत सुटला होता. आमचा न्हावीसुद्धा दाढी करता करता चौरस फुटांत बोलायचा आणि ऐन गळ्यापाशी भाव सांगायचा. गेंदालाल तर गल्लोगल्ली सांगत फिरे, "भिया, अभी ले लो. अगले साल दूर सिमरोल गाँव तक प्लॉट कटेंगे."

तर आम्ही प्लॉटवर पोचलो. चार खुंट्या, त्यांना बांधलेला सुतळीचा दोर आणि मधे बाभळीचं एक झुडूप. श्रीपादरावांची बायको कुमुदिनी उत्साहाने दाखवू लागली. "जिजाजी, ही बैठक. हा ओटा. आणि ताई, हे बघ किचन. खिडकी पूर्वेला."

इंदुमती त्या किचनमधे जाऊन उभी राहिली आणि नसलेल्या खिडकीतून बाहेर बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी लग्नानंतर फार क्वचित पाहिलं होतं.

"श्रीपादराव, एक बोलू?" मी म्हटलं. "भाव पडणार."

"असं?" श्रीपादराव म्हणाले. हा माणूस कधी वाद घालत नाही. समोरच्याला वाद घालायची जी मजा यायला हवी, तीच तो येऊ देत नाही.

"दफ्तरं गेली. त्यांच्यामागे बाबू जाणार. बाबू गेले की घरं रिकामी. मग या रानात प्लॉट घेतो कोण? हा सगळा बुखार आहे. बुखार चढतो तसा उतरतो."

गेंदालाल तिथेच उभा होता. त्याला राहवेना. "बाबूजी, मिलें भी भोपाल जाएँगी क्या? कॉलेज जाएँगे? रोज इतने लोग शहर में आ रहे हैं, वो क्या पेड़ पे रहेंगे?"

"येतायत तसेच परत जातील."

"क्यों जाएँगे?"

मी आवाज चढवला आणि 'मार्केट', 'डिमांड', 'स्पेक्युलेशन' हे तीन शब्द एकाच वाक्यात बसवले. गेंदालाल सायकलची हवा तपासू लागला. श्रीपादराव मात्र शाळेतल्या पोरासारखे मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "विचार करायला पाहिजे."

परत येताना टांग्यात इंदुमती म्हणाली, "तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही."

"मी अर्थशास्त्र बोलत होतो."

"मग कान का लाल झाले होते?"

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण आपलं म्हणणं कोणी मन लावून ऐकलं, की माणूस बिघडतो. आमचे घरमालक नानासाहेब खालच्या मजल्यावर एकटेच राहत. त्यांचे वाडवडील दरबारात हुद्देदार होते, मुलगा आता भोपाळला नोकरीला होता. नानासाहेबांना नीट दिसत नसे, म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. त्या रविवारनंतर मी पेपरात जमिनीच्या बातम्या शोधू लागलो. बातमी नसली, तर माझ्या पदरची एखादी ओळ घालायचो. 'जानकार लोकांच्या मते इंदुरात घरांचे भाव कोसळण्याची चिन्हं आहेत.' जानकार म्हणजे मीच. एरवी मला जानकार म्हणणारं होतं तरी कोण?

नानासाहेबांचा सुपारी कातरायचा वेग वाढायचा.

एका संध्याकाळी मी पेपर उघडणार, तोच ते म्हणाले, "दिनानाथराव, तुमचे उपकार झाले. घर विकायचं ठरवलं."

"कोणतं घर?"

"हेच. भाव पडायच्या आधी मोकळा होतो आणि मुलाकडे भोपाळला जातो. तुम्ही सावध केलंत, नाहीतर मी बसलो असतो वाट बघत."

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दोन खोल्या, वरची गच्ची आणि टांग्यावर चढवलेलं आमचं सामान, सगळं एकदम आलं. मी घाईघाईने पेपर उघडला आणि वाचायला सुरुवात केली. "जानकार लोकांच्या मते इंदुरात घरांचे भाव अजून दुप्पट होणार."

नानासाहेब हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला घर सोडावं लागेल म्हणून जीव तुटतोय ना? मला कळतं. पण म्हणून माझ्याशी खोटं वाचू नका. आजपर्यंत कधी वाचलं नाहीत."

मी पेपराची घडी घातली.

वर जाऊन इंदुमतीला सांगितलं. तिने पोळी तव्यावरच राहू दिली. "म्हणजे श्रीपादरावांचा प्लॉट पाडायला निघालात आणि आपलंच छप्पर पाडलंत."

"अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही," मी म्हटलं. मनात म्हटलं, माझं भाकीत खरं असेल तर गिऱ्हाईक मिळणारही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी भाव खरोखरच पडावेत म्हणून देवाला हात जोडले.

गिऱ्हाईक पुढच्या रविवारी आलं. खाली गेंदालालचा आवाज ऐकून मी जिन्यात आलो, तर अंगणात श्रीपादराव उभे. हातात मोजायची टेप. टेपेचं दुसरं टोक कुमुदिनीने भिंतीला धरलं होतं.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"तुमच्याच सल्ल्याने," श्रीपादराव शांतपणे म्हणाले. "भाव पडणार म्हणालात, म्हणून प्लॉट लगेच विकून टाकला. फार चढ्या भावात गेला. आणि इथे नानासाहेबांना घाई होती, म्हणून हे स्वस्तात मिळालं."

"पण भाव पडणार असं मानता, मग घर कशाला घेता?"

"राहायला. राहणाऱ्या माणसाला काय, भाव पडला काय आणि चढला काय."

नानासाहेबांनी गहिवरून माझा हात धरला. तुमच्यामुळे घर नात्यातच राहिलं, म्हणाले. गेंदालालनेही वाकून नमस्कार केला. दोन-दोन सौद्यांची दलाली त्याला माझ्यामुळे मिळाली होती.

आता श्रीपादराव खाली राहतात, आम्ही वर. कुमुदिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "जिजाजी, भाडं पुढेमागे झालं तरी चालेल, तुम्ही घरचेच." मनाला इतकं लागेल असं गोड बोलणं मी आजवर ऐकलं नव्हतं. तिने स्वयंपाकघराला नवी खिडकी पाडली. इंदुमती गच्चीवरून तिच्याकडे बघत असते आणि नंतर माझ्याकडे बघते. ते दुसरं बघणं मला सोसत नाही.

भाव मात्र पडले नाहीत. त्या प्लॉटच्या आसपास आता खरंच घरं उठतायत. म्हणून मी ठरवलं, की यापुढे कशाबद्दलही बोलायचं नाही. पण श्रीपादराव दर रविवारी चहाला वर येतात आणि पेला खाली ठेवून काहीतरी विचारतात. मागच्या रविवारी विचारलं, "दिनानाथराव, यंदा कपाशीच्या भावाचं काय होईल?"

मी म्हटलं, "श्रीपादराव, मला त्यातलं काही कळत नाही."

"ते मला ठाऊक आहे," ते तितक्याच शांतपणे म्हणाले, "पण तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. मग मी उलट करतो."