दोन नंबरची टाकी जेवेना

माझी नजर गरुडाची, बुद्धी वस्तऱ्याची आणि पगार सांडपाणी केंद्रातल्या कारकुनाचा. मी फोल्के रुंडक्विस्ट. अख्ख्या स्वीडनमध्ये माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. तशी रीतसर चौकशी झालीय, मीच केली.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी आमची प्रमुख इंगेगर्ड रडकुंडीला आली होती. प्लायवूडच्या कारखान्यातून आमच्याकडे फिनॉल नावाचं विष येतं. दोन नंबरच्या टाकीतले जंतू ते एरवी चाटूनपुसून खातात. आज कुणी तोंडच लावेना.

"साठवायला जागा शुक्रवारपर्यंतच पुरेल. मग विष तळ्यात, आणि मला नारळ," ती म्हणाली.

"अपहरण!" मी ओळखलं. "दिसायला कसे होते?"

"जंतू आहेत रे, दिसत नाहीत."

"म्हणजे फरार!"

दुपारी मला संपाचा वास आला. (वास इतरही बरेच होते.) टाकीच्या काठावर दोन तास उलटतपासणी घेतली. एकजात सगळ्यांनी मौन पाळलं. भलतेच मुरलेले!

मंगळवारी संशय कँटीनच्या राग्नहिल्डवर गेला. तिच्या पावात वेलची असते, आणि वेलचीने जंतू मरत असणार. पुरावा म्हणून मी चार पाव खाल्ले. तिने कॉफी आदळली आणि शेजारच्या टेबलावरच्या इंगेगर्डला विचारलं, "अगं, जुलैभर कारखान्याला सुट्टी होती ना? मग ह्या बिचाऱ्यांना जेवायला कुणी घातलं?"

"मी पिंपभर फिनॉल ठेवून गेले होते. रोज एक मग टाका, अशी चिठ्ठी लावून. जुलैत ड्युटीवर होता..."

दोघी माझ्याकडे वळल्या. जुलैत सगळा देश सुट्टीवर जातो. मी जात नाही, कारण गुन्हेगार जात नाहीत.

"ते पिंप? ते तर मी पहिल्याच दिवशी जप्त केलं! उघडउघड विष होतं. कपाटात आहे, सीलबंद!"

"मेल्या, महिनाभर उपाशी ठेवलंस त्यांना! फिनॉल खाणारे सगळे मेले!" इंगेगर्ड ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. एकही तर्क सुचेना.

शेवटी तिने पलीकडच्या गावच्या केंद्राकडून टँकरभर गाळ मागवला. तिथला कारखाना जुलैतही चालू होता, त्यामुळे तिथले जंतू खाऊनपिऊन सुखी होते. शुक्रवारी दुपारी फिनॉल उतरलं. इंगेगर्ड पायरीवर बसून हसली, डोळे पुसले, आणि पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहिलं.

"अख्खा जुलै. लांब कुठेतरी जा."

"मग इथे पहारा कोण देणार?"

"कुणीही चालेल," ती म्हणाली.