घरी उघडून आणलेलं घड्याळ

अचूकरावांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाचं गजराचं घड्याळ गुंडाळायला नेमका तोच रद्दी कागद उचलला नसता, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण घडी घालता घालता त्यांची नजर मथळ्यावर गेली : ‘आतड्यांचं आरोग्य आणि थायरॉइड यांचं जवळचं नातं’. त्यांनी घड्याळ बाजूला सारलं आणि डोळ्याचं भिंग न काढताच लेख वाचून काढला. म्हणजे अर्धा. उरलेला अर्धा फाटून गेला होता. (त्या अर्ध्यात काय असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही.)

अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घड्याळदुरुस्तीचं टीचभर दुकान, मिनिटभराचा उशीरही सहन न होणारा स्वभाव आणि स्वतःच्या अकलेवर अढळ विश्वास, एवढं पाहून शेजारच्या बेकरीवाल्यानं ते नाव ठेवलं होतं. दुकानात त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘घरी उघडून आणलेल्या घड्याळांना आधी बोलणी, मग दुरुस्ती.’ आणि ते पाटीला जागत. गेल्याच वर्षी कोपऱ्यावरचे डॉक्टर आपलं लंबकाचं घड्याळ खोलून, उरलेले तीन स्क्रू कागदाच्या पिशवीत घेऊन आले, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत अचूकरावांनी त्यांची हजेरी घेतली होती. “डॉक्टर, मी कधी कुणाच्या पोटात हात घालतो का? मग तुम्ही घड्याळाच्या पोटात का घालता?”

तर थायरॉइड होता तो त्यांच्या बायकोला. बाई शाळेत गाणं शिकवायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा आवाज जड होत गेला, अंग सुजलं, चार पायऱ्या चढल्या की बसावंसं वाटायचं. मग तपासणी झाली, रोज पहाटेची गोळी सुरू झाली आणि हळूहळू आवाज परत आला. आता तीन महिन्यांवर शाळेचं संमेलन होतं आणि मुख्याध्यापिकांनी बाईंना एकटीनं गायला सांगितलं होतं. बाई स्वयंपाकघरात गुणगुणू लागल्या होत्या. ते ऐकताना अचूकरावांच्या हातातला चिमटा थांबायचा. त्यांना बायकोचा आवाज फार आवडायचा, पण हे तिला सांगायचं मात्र बावीस वर्षं राहून गेलं होतं.

“अगं, तुझ्या दुखण्याचं मूळ सापडलं,” घरात शिरता शिरता ते म्हणाले.

“गळ्यात आहे ते. डॉक्टरांना तीन वर्षांपूर्वीच सापडलंय.”

“छे! पोटात आहे. एक चाक अडलं की दुसरं अडणारच. आतडी साफ, की थायरॉइड सुतासारखा सरळ!”

दुसऱ्या दिवसापासून घरात क्रांती झाली. बरणीत कोबी आंबत बसला. (तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारून गेली, की तुमच्याकडे गटार तुंबलंय का.) पोट साफ ठेवणारी चोथ्याची पावडर आली, हाडांसाठी कॅल्शियमची गोळी आली. आणि एवढं सगळं दिवसभरात विखरून द्यायचं, हे अचूकरावांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी एकच वेळ ठरवली : सकाळचे सहा. ठोके पडले की थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी, पावडरचा ग्लास आणि वर स्वतःच्या हातची कॉफी.

“अहो, पण त्या गोळीनंतर तासभर काही खायचं नाही, असं डॉक्टर म्हणालेत.”

“खायचं नाही म्हणालेत ना? मग हे खाणं कुठंय? हे आरोग्य आहे!”

बाई खरं तर तिथंच अडून बसल्या असत्या. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यानं आयती कॉफी हातात दिली होती. ती कडू होती, पातळ होती, पण नवऱ्यानं केलेली होती. बाईंनी डोळे मिटून सगळं पोटात ढकललं.

दीड महिना हा कारभार घड्याळाच्या काट्यावर चालला. बाई मात्र मंदावत चालल्या. वर्गातल्या खुर्चीत डुलकी लागू लागली, पाय जड झाले, आणि एके दिवशी वरचा सूर लावायला गेल्या तर घशातून नुसती खरखर आली. त्या दिवशी बाई गुणगुणल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. अचूकरावांनी घाबरून पावडर दीड चमचा केली.

शेवटी बाईंनीच रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट पाहून कोपऱ्यावरचे डॉक्टर बुचकळ्यात पडले. “टीएसएचचा आकडा एवढा कसा चढला? गोळी चुकते का?”

“चुकेल कशी?” अचूकरावांनी छाती काढली. “सहाच्या ठोक्याला! मी स्वतः देतो. शिवाय कॅल्शियम, चोथ्याची पावडर, कॉफी. सगळं एका दमात!”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभर जपून ठेवलेला आनंद पसरला.

“म्हणजे ही केस घरी उघडून आणलेली आहे तर.”

अचूकरावांना पाटी आठवली. कागदाची पिशवीही आठवली.

“आधी बोलणी,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही कुणाच्या पोटात हात घालत नाही ना? मग हे काय केलंत?”

“पण लेखात संबंध आहे म्हटलं होतं,” अचूकराव पुटपुटले.

“आहेच संबंध! ती गोळी आतड्यांतूनच अंगात जाते. तुम्ही दारात एवढी गर्दी केलीत, की बिचारीला आत शिरायला वाव मिळेना. गोळी एकटी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॉफी तासाभरानं. कॅल्शियम आणि पावडर चार तासांनी. अहो, तुमचं सगळं बरोबर होतं, फक्त वेळ चुकली!”

बेकरीवाल्यानं हे ऐकलं असतं तर त्याच दिवशी नाव बदललं असतं.

 घरी येताना फाटकाशी थांबून अचूकरावांनी एकदाचं म्हणून टाकलं, “तुझा आवाज गेला असता तर मी काय केलं असतं गं? घरात नुसती टिकटिक उरली असती.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “बावीस वर्षं लागली हे म्हणायला. एवढं मागं पडलेलं घड्याळ तुमच्या दुकानात तरी कधी आलं होतं का?”

पुढचा दीड महिना गोळी एकटीच गेली. आवाज आस्ते आस्ते, लाजत लाजत परतला. संमेलनात बाईंनी वरचा सूर असा लावला, की मागच्या रांगेतली कुजबुजणारी पोरंही गप्प झाली. अचूकराव पहिल्या रांगेत खुशाल रडले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पाटी जागेवर नव्हती. ती कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. सकाळीच स्वयंपाकघरात, गोळ्यांच्या डबीच्या बरोबर वर, बाईंनी टांगलेली ती त्यांनी पाहिली होती. तिच्याखाली बसून त्यांनी सात वाजेपर्यंत कशालाही हात लावला नव्हता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक सुटं झालेलं घड्याळ रुमालात बांधून, मान खाली घालून आलं. “जरा उघडून बघितलं होतं मी. बोला काय बोलायचं ते.”

अचूकरावांनी तोंड उघडलं, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

“बसा,” ते म्हणाले. “इथं आता फक्त दुरुस्ती होते. बोलणी घरी हलवली आहेत.”