दत्तूकाकांचा जर्मन केक

खांदा कॉलनीतल्या दत्तूकाकांच्या बेकरीत जर्मन चॉकलेट केक मागितला की तो लगेच हातात पडत नाही. काका खोका बांधतात, त्यावर पंजा ठेवतात आणि विचारतात, "जर्मन कोन, म्हाईत हाय?" गिऱ्हाईक म्हणतं, देश. मग काका खोका स्वतःकडे ओढून घेतात.

"देश नाय, मानूस हाय. पयलं ऐका, मंग न्या."

याला थोडी मीच जबाबदार आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शेजारच्या काकांना वाटतं की मला सगळं ठाऊक असतं. त्यांनी एकदा विचारलं, हा केक जर्मनीत कसा करतात? मी मोबाइलवर शोधलं, तर केकचा जर्मनीशी काही संबंधच निघाला नाही. अमेरिकेत 'जर्मन' हेच आडनाव असलेल्या एका माणसाने केकसाठी गोड चॉकलेट तयार केलं आणि त्याच्या कंपनीने त्या चॉकलेटला त्याचं नाव दिलं. पुढे कित्येक वर्षांनी, ते चॉकलेट वापरून एका बाईने केलेल्या केकची कृती पेपरात छापून आली आणि केक गाजला. लोकांना वाटलं, जर्मनीचाच.

"म्हंजे मानसाला गिलला नि देश ठेवला," काका म्हणाले. तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. पळस्प्याला त्यांच्या चुलत्याच्या भातशेतीवर फ्लॅटांचा टॉवर उभा राहिला आणि त्याला इंग्रजी नाव लागलं, तेव्हाही ते हेच म्हणाले.

एका साहेबांचा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला होता. साहेब म्हणाले, केकवर जर्मनीचा झेंडा काढून द्या.

"नाय काढनार."

"अहो, पोरगा जर्मनीला चाललाय."

"जाऊ दे की. केक नाय गेला कदी."

साहेब रागावून निघून गेले. काका त्यांच्याहून जास्त रागावले होते.

गेल्या महिन्यात केकसाठी नवी पाटी करायची ठरली. माझं अक्षर बरं आहे म्हणून काकांनी मलाच बसवलं. "जर्मनचं नाव हाय. आता त्या बाईचं पन लिव. कृती तिची ना?"

मी शोधलं. पेपरात त्या बाईचं स्वतःचं नाव नव्हतंच. अमक्या साहेबांच्या मिसेस, एवढंच छापलं होतं.

काका इतके भडकले की समोरच्या बाईंना पाव द्यायचे राहिले. "केक तिचा नि नाव नवऱ्याचं? कोनी एकानं तरी इचारायचं, बाय, तुजं नाव काय?"

मलाही राग आला होता. त्या भरात मी म्हटलं, "काका, आपल्या केकवरचा ओल्या नारळाचा थर काकूंचा. त्यांचंच नाव लिहू या. काय नाव होतं त्यांचं?"

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या हातचा केक मी लहानपणापासून खाल्ला, पण आम्ही सगळे त्यांना बेकरीवाली काकूच म्हणायचो. काका तर 'अगं' म्हणायचे, नाहीतर 'ऐकलंस का'. त्यांनी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"पार्वती," काका हळू आवाजात म्हणाले. मी पेन टेकवलं. "थांब. ते आमच्याकडचं. लग्नात ताटातल्या तांदलावर मीच लिवलं, अंगठीनं. म्हायेरचं आनंदी."

"मग कुठलं लिहू?"

त्यांनी फडकं घेतलं आणि ते आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागले.

"तिला कुठलं आवडायचं, मी इचारलंच नाय," ते म्हणाले. मग फडकं खाली ठेवून, "आनंदी लिव. ते तिचं सोताचं हाय."

मी लिहिलं. पाटी लावताना काकांनी ते नाव एकदा मोठ्याने वाचलं. तोंड मात्र, जिथे काकू उभ्या असायच्या त्या आतल्या ओव्हनकडे होतं.