चिमटा आणि मानववंशशास्त्र

एम.ए.ला समाजशास्त्र घ्यावे की मानववंशशास्त्र, हे प्रयोग करून ठरवायचे असे मी ठरवले, तिथेच चुकलो. (आमच्या पिढीला चिठ्ठ्या टाकायची लाज वाटते.)

अर्ज त्याच संध्याकाळच्या टपालाने मुंबईला जायला हवा होता. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून अण्णांबरोबर रामकुंडावर पूजा सांगायला बसायचे, असा आमचा करार होता. अण्णा म्हणजे माझे वडील, नाशिकचे तीर्थोपाध्याय. आणि मी कर्मकांडाचा कट्टर शत्रू.

ओसरीवर निफाडकडचे यजमान उतरले होते, खंडेराव धरून नऊ माणसे. अण्णा नदीवर गेलेले. आधी मानववंशशास्त्र पाहू, म्हणून मी त्यांची डोकी मोजायला घेतली. पुस्तकातल्या चित्रात त्यासाठी दोन पायांचे एक हत्यार होते. आमच्या घरात तसले एकच होते.

"अहो, चिमटा कुठे नेताय? पापड भाजायचेत!" मालिनी, माझी बायको, चुलीपासून ओरडली.

"शास्त्रासाठी!"

"कुठल्या शास्त्रात चिमटा लागतो?"

(हा प्रश्न मुंबईच्या प्राध्यापकांनाच विचारायला हवा.)

खंडेरावांनी पागोटे काढून डोके पुढे केले. मी चिमटा टेकवला, अंतर लिहून घेतले. पाहतो तर दोन्ही कानशिलांवर काजळीचा एकेक ठिपका! मी पुसायला गेलो, तसे ते मागे सरकले.

"राहू द्या, महाराज. पुसायचं नाय."

"अहो, ती काजळी आहे!"

"आसंल. तुमच्या घरची हाय ना?" आणि थोरल्या बहिणीला हाक मारली, "अक्काबाई, ये म्होरं."

"यात पुण्य वगैरे काही नाही," मी कळवळून म्हणालो. "हे नुसते मोजमाप आहे."

"मंग माझं बी मोजा," अक्काबाईंनी माझ्यापुढे सुपारी ठेवली. "लय दिस डोकं दुखतंय."

नवव्या डोक्याला माझ्यापुढे, खंडेरावांनी मागाहून ठेवलेली धरून, नऊ सुपाऱ्या होत्या. ती डोकी माझ्यापुढे वाकली होती, माझ्यासाठी नव्हे. सात पिढ्या या ओसरीवर त्यांना कुणी फसवले नव्हते, म्हणून वाकली होती. त्यांची रुंदी मी इंचांत सांगू शकत होतो. ती का वाकली, हे चिमटा सांगत नव्हता. मी अर्जावर 'समाजशास्त्र' लिहिले आणि पोस्टाकडे धावलो.

परतलो तेव्हा यजमान निघून गेले होते. अण्णा त्यांच्या घराण्याची वही उघडून बसले होते. कोण आले, कोणता विधी केला, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्या वहीत लिहून ठेवतात.

"टाकलास अर्ज?"

"टाकला. भिक्षुकीतून मी कायमचा सुटलो, अण्णा."

"छान झालं," म्हणून त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. शाई अजून ओली होती : 'माणसे नऊ. मस्तकपूजा, चि. दिवाकर याच्या हस्ते.'

"अण्णा, हे खोडा!"

"या वहीत खोडत नाहीत. आणि खाली खंडेरावांचा अंगठा आहे."

शंभर वर्षांनी एखादा समाजशास्त्रज्ञ ती वही उघडेल, तेव्हा माझ्याविषयीचा लेखी पुरावा त्याला एवढाच सापडेल.